सभाधीटपणा आणि परीक्षकांचे कोरे चेहरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत अलीकडे आलेला सभाधीटपणावरील लेख वाचला. लेखकाची कळकळ खरी आहे, भाषाही सोपी आहे, आणि चार लोकांसमोर उभे राहून आपले म्हणणे मांडता आले पाहिजे या त्यांच्या आग्रहाशी कोणाचे दुमत नसावे. परंतु लेखाचा सगळा रोख ‘भीती मनातून काढून टाका, आत्मविश्वास बाळगा, मग वाणी आपोआप मोकळी होईल’ असा आहे, आणि नेमके तेच मला पटत नाही. भाषणाची भीती अशी सांगून जात नाही. ती पूर्णपणे जायलाच हवी असेही नाही. आणि ती जेवढी बोलणाऱ्याच्या मनात असते तेवढीच, किंबहुना थोडी अधिकच, आपण त्याला ज्या रीतीने बोलायला उभे करतो त्या रीतीत असते. शाळेत भाषा शिकवण्यात आणि वक्तृत्व स्पर्धांच्या परीक्षक मंडळांत बसण्यात माझे आयुष्य गेले, त्यामुळे या तिसऱ्या मुद्द्याकडे माझे लक्ष अधिक जाते. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

आधी शरीराचे पाहू. नाव पुकारले गेले की छातीत धडधडते, घशाला कोरड पडते, तळहातांना घाम सुटतो, पोटात गोळा येतो, गुडघे लटपटतात, आवाज चिरकतो. ही दुबळ्या मनाची लक्षणे नव्हेत. धोका जाणवताच मेंदू अनुकंपी चेतासंस्थेला, म्हणजे संकटात शरीराला सज्ज करणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याला, जागे करतो, मूत्रपिंडांवर असणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात उतरते, आणि पळायला किंवा झुंजायला लागणारी सगळी तयारी काही क्षणांत होते. हृदय जोरात चालते ते मोठ्या स्नायूंना रक्त पोचावे म्हणून. लाळ आटते, कारण पचनाचे काम त्या घडीला बाजूला ठेवले जाते. हात थरथरतात, कारण या द्रव्याचा परिणाम थेट स्नायूंवरही होतो. अडचण एवढीच की ही सगळी तयारी धावण्यासाठी झालेली असते आणि आपल्याला मात्र माइकसमोर एका जागी उभे राहून कर्ता, कर्म आणि क्रियापद यांची मोट बांधायची असते.

या प्रतिक्रियेचा एक गुण मात्र वक्त्याच्या फायद्याचा आहे. बहुतेकांच्या बाबतीत तिचा जोर भाषणाच्या अगदी आधी आणि भाषणाच्या आरंभी सर्वांत जास्त असतो. बोलणे सुरू झाले की ती पुढच्या काही मिनिटांत आपोआप उतरू लागते. म्हणजे खरी कसोटी संपूर्ण भाषणाची नसते, ती खुर्चीतून उठण्यापासून पहिल्या मिनिटा-दीड मिनिटापर्यंतची असते. हे ज्याला ठाऊक असते तो तेवढ्याच पट्ट्याची वेगळी तयारी करतो. पहिली दोन वाक्ये छोटी ठेवावीत, झोपेतून उठवले तरी म्हणता येतील इतकी घोटावीत. व्यासपीठावर पोचल्यावर लगेच सुरुवात न करता पाय नीट टेकवावेत, श्वास सावकाश सोडावा (घेण्यापेक्षा सोडण्यावर भर द्यावा, कारण लांब उच्छ्वासाने हृदयाची गती थोडी मंदावते), समोरच्या एखाद्या माणसाकडे पाहावे आणि मग तोंड उघडावे. भीतीने बोलण्याचा वेग वाढतो, वेगाने दम पुरत नाही, दम पुरला नाही की आवाज कापतो, आणि आपलाच कापरा आवाज कानावर पडला की भीती आणखी वाढते. हे चक्र पहिल्या दोन वाक्यांतच तोडता येते; पुढे ते अवघड होत जाते. आभाराची आणि संबोधनांची लांबलचक माळ आरंभी ओवण्याची जी सवय अनेकांना असते, ती या दृष्टीने फार घातक आहे. नावे आणि पदे यांचा क्रम चुकण्याचा धसका असतो, वाक्य संपता संपत नाही, आणि भीतीचा जोर ऐन शिगेला असताना वक्ता सर्वांत निसरड्या वाक्यावर पाय ठेवतो.

भीती ही नवख्यांचीच असते, मुरलेल्यांना ती शिवत नाही, अशी एक समजूत लेखातही डोकावते. प्राचीन रोममधील वक्ता आणि लेखक सिसेरो याने दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या एका संवादात क्रॅसस या नामांकित रोमन वक्त्याच्या तोंडी अशी कबुली घातली आहे की भाषणाच्या आरंभी आपला चेहरा पांढरा पडतो आणि अंगाला कंप सुटतो. लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेत असताना मोहनदास गांधी एका शाकाहारवाद्यांच्या सभेत लिहून आणलेले भाषण वाचायला उभे राहिले. मजकूर जेमतेम एका कागदाचा होता, पण डोळ्यांपुढे अक्षरे धूसर झाली, अंग थरथरू लागले, आणि शेवटी ते भाषण त्यांच्या सोबत्याने वाचून दाखवले. पुढे त्यांनी आत्मकथनात लिहिले की या बुजरेपणामुळे आपल्याला मोजके बोलण्याची सवय लागली. हा माणूस पुढे लाखोंच्या सभांत बोलला. पण आवाज चढवून, हातवारे करून नव्हे. सभाधीटपणाचे एकच एक चित्र, म्हणजे छाती पुढे, आवाज खणखणीत, हात हवेत, असे जे आपण मुलांपुढे ठेवतो, त्यात हा माणूस बसला नसता.

भीतीचे करायचे काय, हा प्रश्न उरतोच. ‘शांत हो’ हा सर्वांत सर्रास दिला जाणारा सल्ला, आणि तो सर्वांत निरुपयोगी. हृदय दौडत असताना मनाला शांत होण्याचा हुकूम सोडणे म्हणजे दोन विरुद्ध दिशांना ओढणे. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधील ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना भाषणापूर्वी ‘मी शांत आहे’ असे मोठ्याने म्हणायला सांगितले, तर काहींना ‘मी उत्सुक आहे’ असे. दुसऱ्या गटातील माणसे अधिक वेळ बोलली आणि ऐकणाऱ्यांना ती अधिक पटणारी आणि अधिक आत्मविश्वासाची वाटली. यातली खरी गंमत अशी की त्यांची भीती त्यामुळे नाहीशी झाली नव्हती. उत्सुकतेत आणि भीतीत शरीराची अवस्था बरीचशी सारखीच असते. त्यामुळे भीतीवरून शांततेकडे जाण्यापेक्षा भीतीवरून उत्सुकतेकडे सरकणे सोपे जाते. हा काही मंत्र नव्हे, आणि एका वाक्याने कोणी वक्ता होत नाही. पण ‘मला भीती वाटते आहे, म्हणजे माझ्यात काही खोट आहे’ या समजापेक्षा ‘अंग तयार झाले आहे’ हा समज वस्तुस्थितीला अधिक धरून आहे, एवढे निश्चित.

दुसरी एक गोष्ट मी वर्गातल्या मुलांना नेहमी सांगत असे, आणि तिला पुढे संशोधनाचाही आधार असल्याचे वाचून समाधान वाटले. आपली धडधड, आपला घाम, आपला गोंधळ समोरच्यांना जसाच्या तसा दिसतो आहे असे बोलणाऱ्याला वाटत असते. प्रत्यक्षात त्याचा फार थोडा भाग बाहेर दिसतो. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली दाखवून दिले की एवढी एकच गोष्ट भाषणाआधी समजावून सांगितली तरी वक्त्यांचे भाषण सुधारते, त्यांच्या स्वतःच्या मते आणि ऐकणाऱ्यांच्याही मते. हे पटवून घेण्याचा आज सर्वांच्या हाती असलेला उपाय म्हणजे मोबाइलवर आपले भाषण चित्रित करून, दोन दिवसांनी, डोके थंड झाल्यावर पाहणे. ‘इथे मी पार कोसळले’ असे ज्या जागी वाटले होते, तिथे चित्रफितीत एक छोटासा विराम दिसतो, एवढेच. जे खरोखर दिसते, त्याची व्यवस्था मात्र करावी. सुटा, पातळ कागद हातात धरला तर बोटांची बारीकशी थरथरही कागदाच्या टोकाला मोठी होऊन फडफडते आणि मागच्या रांगेपर्यंत दिसते. त्याऐवजी जाड पुठ्ठ्याचे तळहाताएवढे कार्ड घ्यावे, किंवा कागद समोरच्या स्टँडवर ठेवून द्यावा. पाण्याचा काठोकाठ भरलेला ग्लास उचलू नये. माइक हातात घ्यायचा झाल्यास कोपर अंगाशी ठेवावे. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण आत्मविश्वासावरच्या प्रवचनापेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. माणसावर प्रयोगशाळेत ताण आणायचा झाला तर तो कसा आणावा, हा शास्त्रज्ञांपुढे एक व्यावहारिक प्रश्न होता. विजेचा झटका देता येत नाही, खोटी संकटे उभी करता येत नाहीत. जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठातील क्लेमेन्स किर्शबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली त्यासाठी जी पद्धत प्रसिद्ध केली, ती आज जगभर वापरली जाते. ती अशी: व्यक्तीला थोडा वेळ देऊन नोकरीच्या उमेदवारासारखे भाषण तयार करायला सांगायचे, मग एका समितीसमोर उभे करायचे, टिपणे वापरू द्यायची नाहीत, समोर कॅमेरा आणि माइक ठेवायचा, आणि पाच मिनिटे बोलायला लावायचे. नंतर एखाद्या मोठ्या संख्येतून, उदाहरणार्थ १०२२ मधून, १३ वजा करत करत मोठ्याने खाली यायला लावायचे आणि चुकल्यास पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला सांगायची. यातली सर्वांत परिणामकारक युक्ती समितीला दिलेल्या सूचनेत आहे. समितीने हसायचे नाही, मान हलवायची नाही, शाबासकी द्यायची नाही, नापसंतीही दाखवायची नाही. बोलणारा थांबला तर तसेच रोखून पाहत राहायचे आणि थोड्या वेळाने कोरडेपणाने सांगायचे की तुमचा वेळ अजून शिल्लक आहे, पुढे बोला. एवढ्याने ताणाशी निगडित कॉर्टिसॉल या संप्रेरकाची लाळेतील पातळी दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढल्याचे त्यांना आढळले. पुढे २०१३ साली जर्मनीतल्याच दुसऱ्या संशोधकांनी याच प्रयोगाची एक सौम्य आवृत्ती करून पाहिली. तिच्यात समिती आपुलकीने वागे, ऐकताना प्रतिसाद देई, आणि परीक्षेचा सूर काढून टाकला होता. अनोळखी माणसांपुढे बोलणे होतेच, पण कॉर्टिसॉलची ती उसळी दिसली नाही.

हे वाचल्यावर आपल्या बहुतेक वक्तृत्व स्पर्धांचे, तोंडी परीक्षांचे, मुलाखतींचे आणि कार्यालयांतल्या सादरीकरणांचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. तीन परीक्षक एका टेबलामागे, त्यांच्यापुढे गुणपत्रके, माना खाली, पेनची टोके कागदावर. बोलणारा एखादा चांगला दाखला देतो तेव्हाही मान वर होत नाही, कारण त्या क्षणी ‘उच्चार’ या रकान्यात आकडा भरणे चाललेले असते. टिपण जवळ ठेवायला मनाई. वेळ भरत आल्याची घंटा, तीही वाक्याच्या मध्यावर. नाव कधी पुकारले जाईल हे आधी सांगायचे नाही, त्यामुळे पहिल्या स्पर्धकापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक जण तासन्तास टांगणीला. शास्त्रज्ञांनी माणसाला घाबरवण्यासाठी विचारपूर्वक जी रचना केली, तीच आपण सभाधीटपणा शिकवण्यासाठी वापरतो, आणि मग मुले घाबरतात म्हणून त्यांना आत्मविश्वासाचे डोस पाजतो. परीक्षकाने निःपक्षपाती असावे हे कोणीही मान्य करील. परंतु निःपक्षपातीपणासाठी चेहरा दगडी ठेवावा लागतो, हे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? सर्वांकडे सारख्याच आस्थेने पाहणे हाही निःपक्षपातीपणाच आहे.

स्पर्धांनी लावलेली दुसरी वाईट खोड म्हणजे शब्दन्‌शब्द पाठांतर. भाषण बहुधा कोणी मोठ्या माणसाने लिहून दिलेले असते, आणि ते मुलाने घोकलेले असते. अशा एका स्पर्धेत परीक्षक म्हणून बसले असताना सहावी-सातवीतली एक मुलगी फार सुरेख बोलत होती. ‘पर्यावरणाच्या ऱ्हासाला केवळ’ एवढे म्हटले आणि पुढचा शब्द गेला. तिने डोळे वर छताकडे नेले, ओठ न हलवता मागचे वाक्य मनात म्हटले, पुन्हा ‘ऱ्हासाला केवळ’ इथपर्यंत आली आणि पुन्हा अडली. तिसऱ्यांदा तिने दोन परिच्छेद मागे जाऊन मोठ्याने तीच वाक्ये त्याच हातवाऱ्यांसकट पुन्हा म्हटली, वेग वाढवून, जणू धावत येऊन उडी मारायची होती. आणि त्याच शब्दाशी थांबली. विषय तिला येत नव्हता असे मुळीच नाही. कार्यक्रमानंतर बाहेर व्हरांड्यात तीच मुलगी मैत्रिणीला याच विषयावर हात हलवत तावातावाने काही सांगत होती, आणि त्यातले अर्धे तरी तिच्या पाठ केलेल्या भाषणापेक्षा सरस होते. पाठ केलेल्या मजकुरात प्रत्येक शब्द आधीच्या शब्दाला बांधलेला असतो. एक कडी निखळली की पुढचे सगळे हाताबाहेर जाते. भीतीच्या वेळी स्मरणशक्तीवर आधीच ताण असतो, आणि आपण तिच्यावरच सगळा भार टाकलेला असतो.

याला पर्याय आहे, आणि तो अजिबात नवा नाही. सुरुवातीची आणि शेवटची वाक्ये पाठ करावीत, मधला भाग मुद्द्यांनी बांधावा. कार्डावर वाक्ये न लिहिता चार-पाच शब्द लिहावेत, मोठ्या अक्षरांत, दोन हात अंतरावरून वाचता येतील असे. प्रत्येक मुद्द्याशी एखादी घटना, एखादे उदाहरण जोडलेले असावे, कारण घटना आठवायला पाठांतर लागत नाही. सराव मनातल्या मनात न करता मोठ्याने, उभे राहून, आणि दर वेळी शब्द थोडे वेगळे येऊ देत करावा. एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगता आली की चौथी तऱ्हा ऐन वेळी सुचते. शक्य असल्यास प्रत्यक्ष बोलायचे असते त्या जागी आधी जाऊन, माइक सुरू करून, स्वतःचा मोठा झालेला आवाज ऐकून घ्यावा. अनेक जण आरंभी बिचकतात ते श्रोत्यांमुळे नव्हे, तर सभागृहाच्या दुसऱ्या टोकाकडून परत येणाऱ्या आपल्याच आवाजामुळे.

सरावावर एवढा भर देण्याचे कारणही सांगते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायॉन्क यांनी १९६५ साली प्रेक्षकांच्या उपस्थितीचा परिणाम कसा होतो याची एक उपपत्ती मांडली. इतरांच्या नुसत्या हजेरीने आपली चेतना, म्हणजे शरीर-मनाची उत्तेजित अवस्था, वाढते, आणि वाढलेल्या चेतनेत जी कृती सर्वांत अंगवळणी पडलेली असते तीच प्रथम बाहेर येते. त्यामुळे जे पक्के झालेले आहे ते लोकांसमोर अधिक चांगले होते आणि जे कच्चे आहे ते अधिक बिघडते. ‘आयत्या वेळी स्फुरेल’ म्हणून तयारी टाळणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आयत्या वेळी जे बाहेर पडते ते बहुधा सवयीचे असते. सवय पाल्हाळाची असेल तर पाल्हाळ, ‘म्हणजे’ आणि ‘तर’ यांची असेल तर तीच.

जाता जाता दोन प्रचलित दंतकथांविषयी, कारण आत्मविश्वास विकणाऱ्या शिबिरांत त्या हमखास ऐकवल्या जातात आणि दुर्दैवाने लेखातही आल्या आहेत. ‘माणूस मरणापेक्षा भाषणाला अधिक घाबरतो’ हे विधान १९७३ सालच्या एका अमेरिकी पाहणीवरून पसरले. तिथे लोकांना कोणकोणत्या गोष्टींची भीती वाटते एवढेच विचारले होते, आणि भाषणाचे नाव अधिक जणांनी घेतले होते. २०१२ साली दोन संशोधकांनी अमेरिकी विद्यार्थ्यांना हा प्रश्न पुन्हा, नीट विचारला. भाषणाची भीती सर्वांत जास्त जणांना होती, हे खरे; पण सर्वांत मोठी भीती कोणती असे विचारल्यावर मरणाचेच नाव सर्वाधिक वेळा आले. दुसरी दंतकथा याहून अधिक नुकसानकारक आहे: संवादात शब्दांचे महत्त्व फक्त ७ टक्के, बाकी ९३ टक्के आवाज आणि देहबोली. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांनी १९६७ साली केलेल्या प्रयोगांत एकेका सुट्या शब्दाच्या उच्चारातून आणि चेहऱ्यावरून बोलणाऱ्याची आवड-नावड कशी ओळखली जाते, एवढेच तपासले होते. हे आकडे सर्व प्रकारच्या संभाषणाला लागू नाहीत असे खुद्द त्यांनीच स्पष्ट केले आहे. तरीही हा आकडा ऐकून मुले मजकूर सोडून आरशासमोर हातवारे घोटत बसतात. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे काही आहे त्याची भीती लवकर उतरते, कारण त्याचे लक्ष स्वतःवरून विषयावर जाते. ज्याने केवळ हावभाव बसवले आहेत त्याचे लक्ष सबंध भाषणभर स्वतःवरच खिळलेले राहते.

बोलण्याची सवय लावण्याची एक जुनी, साधी आणि परीक्षकांवरही थोडा वचक ठेवणारी पद्धत मला येथे नमूद करावीशी वाटते. राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियातील सांता ॲना येथे जी टोस्टमास्टर्स मंडळे सुरू केली, त्यांत भाषणे छोटी असतात, ठरल्या वेळेची असतात, आणि प्रत्येक जण आळीपाळीने बोलतो. मला त्यातली सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळी आहे. भाषणाचे मूल्यमापन करणाऱ्यालाही उठून, सर्वांसमोर, ठरावीक मिनिटांत आपले मूल्यमापन भाषण म्हणूनच द्यावे लागते. काय चांगले होते आणि पुढच्या वेळी एखादी कोणती गोष्ट वेगळी करता येईल, हे त्याला समोरच्याच्या डोळ्यांत पाहून सांगावे लागते. ज्याला स्वतः दहा मिनिटांत तिथेच उभे राहायचे आहे, तो समोरच्याकडे कोऱ्या चेहऱ्याने पाहू शकत नाही. आपल्या स्पर्धांचे किती परीक्षक निकालानंतर प्रत्येक स्पर्धकाविषयी दोन मिनिटे तरी असे बोलतात? बहुतेक वेळा तीन नावे वाचली जातात, आणि उरलेली मुले आपले काय चुकले हे न कळताच घरी जातात. ज्यांची नावे वाचली गेली त्यांनाही काय साधले ते कळत नाही, हे वेगळेच.

श्रोत्यांचाही यात वाटा आहे. बोलणाऱ्याला पहिल्या मिनिटात आधाराची दोन-तीन माणसे लागतात. नजर दिली, मान किंचित हलवली, एवढे पुरे होते. वक्ता अडखळला की खसखस पिकवणारे किंवा त्याच क्षणी मोबाइलमध्ये डोके घालणारे आपण सगळे त्याच्या भीतीत भर घालत असतो. नवख्याला सभेच्या शेवटी, तीन प्रमुख पाहुण्यांनंतर, लोक उठू लागले असताना बोलायला लावणाऱ्या संयोजकांविषयी न लिहिलेलेच बरे.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने लिहायला हवी. सर्वसाधारण घबराट आणि उपचार लागणारी भीती यांत फरक आहे. भाषणाच्या नुसत्या कल्पनेने आठवडे झोप उडणे, केवळ बोलावे लागेल म्हणून परीक्षा, बढती किंवा आवडीचे काम सोडून देणे, हे वर्षानुवर्षे चालू असेल तर ते ‘धीट नाही’ म्हणून झटकून टाकू नये. मानसिक विकारांच्या वर्गीकरणात २०१३ पासून सामाजिक चिंताविकाराचा केवळ सादरीकरणापुरता मर्यादित असा प्रकार स्वतंत्रपणे नोंदवलेला आहे. विचारांची दिशा तपासणे आणि भीतीच्या प्रसंगाला पायरी पायरीने सामोरे जाणे यांवर आधारलेल्या मानसोपचाराचा त्यात चांगला उपयोग होतो. धडधड आणि थरथर कमी करणारी प्रोप्रानोलोलसारखी औषधे काही कलावंत घेतात हे खरे आहे, परंतु ती हृदयावर काम करणारी औषधे आहेत, दमा असणाऱ्यांना ती धोकादायक ठरू शकतात, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून, मित्राने दिली म्हणून, ती घेणे हा निव्वळ वेडेपणा आहे. तसेच तोतरेपणा ही निराळी बाब आहे. तो भित्रेपणातून येत नाही, आणि तोतरे बोलणाऱ्या मुलाला ‘घाबरू नकोस, नीट बोल’ असे सर्वांसमोर सांगणे हे त्याच्यावर अन्यायाचे आहे. ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांनी वाचा-उपचारतज्ज्ञ लायनेल लोग यांच्या मदतीने वर्षानुवर्षे सराव केला आणि ते युद्धकाळात देशाला उद्देशून बोलले, पण त्यांचे अडखळणे शेवटपर्यंत पूर्णपणे गेले नव्हते. श्रोत्यांनी थोडा वेळ दिला की अडखळत केलेले भाषणही पोचते.

शाळा-महाविद्यालयांना आणि स्पर्धांच्या संयोजकांना आपल्या स्तंभातून काही विनंत्या कराव्यात अशी माझी इच्छा आहे. टिपणाचे कार्ड जवळ ठेवण्याची मुभा द्यावी आणि त्याबद्दल गुण कापू नयेत. बोलण्याचा क्रम आदल्या दिवशी कळवावा. घंटेऐवजी स्पर्धकाला दिसेल असा रंगीत फलक किंवा दिवा वापरावा. परीक्षकांनी पहिले मिनिटभर पेन खाली ठेवून फक्त ऐकावे आणि शेवटी प्रत्येकाला दोन वाक्ये तरी तोंडी सांगावीत. आणि वर्षातून एकदा भरणाऱ्या मोठ्या स्पर्धेऐवजी वर्गात आठवड्याला दोन मुलांनी, गुणांवाचून, दोन-दोन मिनिटे आपल्याला माहीत असलेली एखादी गोष्ट सांगावी. ऐकणाऱ्यांनी प्रत्येकी एक प्रश्न विचारावा. प्रश्नाला उत्तर देताना मूल पाठ केलेले बोलू शकत नाही, आणि त्याला ते बोलावेही लागत नाही.

आपल्या पुरवणीच्या पुढील अंकात या विषयाची दुसरी बाजू म्हणून एखाद्या अनुभवी परीक्षकाचा किंवा वाचा-उपचारतज्ज्ञाचा लेख घ्यावा, ही विनंती. मूळ लेखकांनीही वरील मुद्द्यांवर आपले मत मांडल्यास वाचकांना आवडेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त भाषा-शिक्षिका